हे खरे आहे काय?

जिथे आहात तिथे बसा.

हात मांडीवर ठेवा. खांदे सैल सोडा.

एक श्वास आत. एक श्वास बाहेर.

आता मनाने मराठवाड्यातल्या करमाड गावी या.

जुलैची सकाळ आहे. आभाळ भरून आले आहे, पाऊस अजून पडत नाही. काळ्या रानात कपाशी वीतभर वर आली आहे. दोन ओळींमधून कोळपे नुकतेच फिरून गेले आहे. उकरलेल्या मातीचा वास येतो आहे.

तो वास घ्या. घाई नको.

जालना रोडवरून ट्रक जातात. पश्चिमेकडे शेंद्र्याचे कारखाने आहेत. गावाला लागून रेल्वेचे रूळ जातात.

रुळांकडे पाहा.

एका अंगाने ते बदनापूर, जालना करत पुढे हैदराबादच्या दिशेला जातात. दुसऱ्या अंगाने संभाजीनगर, मनमाड करत मुंबईच्या दिशेला.

या भागाचे म्हणणे दोन्ही दिशांना गेलेले आहे. १९५२ साली प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळाले, तेव्हा ते हैदराबादच्या विधानसभेत गेले. १ नोव्हेंबर १९५६ पासून ते मुंबईला जाऊ लागले. १ मे १९६० पासून ते महाराष्ट्राच्या विधानसभेत जाते.

रूळ तेच. दिशा बदलली.

श्वास आत. श्वास बाहेर.

सकाळचे अकरा वाजत आले आहेत.

इथून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, नरिमन पॉइंटला, विधान भवनात घंटा वाजते आहे. पावसाळी अधिवेशन चालू आहे. दालने रिकामी होतात. माणसे सभागृहाकडे चालू लागतात.

आपणही जाऊ.

आपली जागा वर आहे, प्रेक्षक गॅलरीत. तिथे बसणाऱ्याला बोलता येत नाही. टाळी वाजवता येत नाही. कागद फडकवता येत नाही. तिथे फक्त पाहायचे आणि ऐकायचे.

आज आपल्याला तेवढेच करायचे आहे.

खाली पाहा.

बाकांच्या रांगा आहेत. २८८ सदस्यांचे हे सभागृह. अध्यक्षांच्या उजवीकडे सत्ताधारी, डावीकडे विरोधक. मध्ये एक टेबल. टेबलाशी सचिवालयाचे लोक आणि शब्दन् शब्द टिपून घेणारे प्रतिवेदक.

आणि या सगळ्यांच्या समोर, थोडे उंचावर, एक आसन.

त्या आसनाकडे पाहा.

आजचा पूर्ण दिवस आपण त्या आसनापाशी थांबणार आहोत. बाकी काही हातातून निसटले तरी चालेल. कोण काय म्हणाले ते विसरले तरी चालेल. मन भटकले की पुन्हा त्या आसनाकडे यायचे.

सभागृहात बोलणारा प्रत्येक जण त्या आसनाकडे तोंड करून बोलतो. "अध्यक्ष महोदय" म्हणतो आणि मग पुढचे वाक्य उच्चारतो. मंत्र्याला जाब विचारायचा असला तरी वाक्य आधी आसनाकडे जाते. मंत्री उत्तर देतात, तेही आसनाकडे पाहून.

राग असो, विनंती असो, आकडा असो, सगळे तिथून जाते.

आणि तिथे बसलेली व्यक्ती वादात उतरत नाही. मतदानातही ती भाग घेत नाही. दोन्ही बाजूंची मते समसमान झाली, तरच राज्यघटना तिला एक निर्णायक मत देते. एरवी तिच्याकडे एकच मोठे काम आहे.

ऐकण्याचे.

थोडा वेळ या कामापाशी थांबा.

एक उंच जागा. भोवती इतकी माणसे. आणि त्या जागेवर ऐकणे बसलेले आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

करमाडच्या परिसराला ते आसन परके नाही.

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी हरिभाऊ बागडे त्या आसनावर बसतात. फुलंब्रीचे आमदार. लोक त्यांना नाना म्हणतात. त्यांचे गाव चित्तेपिंपळगाव, इथल्याच तालुक्यातले. २०१९ पर्यंत ते विधानसभेचे अध्यक्ष असतात.

याच मातीत वाढलेला एक कान पाच वर्षे तिथे असतो.

आता तुमच्या स्वतःच्या कानांकडे लक्ष न्या.

ट्रकचा आवाज ऐका. त्याच्या आड पाखरांचा आवाज आहे, तो ऐका. शेतात खुरपणी करणाऱ्या बाया एकमेकींशी काही बोलत आहेत. शब्द कळत नाहीत. तरी ऐका.

आवाज येतो. आवाज जातो. कान तिथेच असतो.

अकरा वाजले.

पहिला तास प्रश्नोत्तरांचा.

यादीतला क्रमांक पुकारला जातो. हा तारांकित प्रश्न आहे, म्हणजे त्याचे उत्तर मंत्र्याने उभे राहून द्यायचे. प्रश्न आधीच छापलेला आहे. उत्तरही छापलेले आहे. तरी ते सभागृहात, सगळ्यांसमोर, तोंडाने यावे लागते. आणि मग सदस्य उपप्रश्न विचारू शकतात.

छापील प्रश्नाला एक ठरलेला साचा असतो. वर्षानुवर्षे तो तसाच आहे. चार पायऱ्या.

आपण एकेक पायरी उतरू. प्रत्येक पायरीवर थांबू.

आधी तुमच्या मनात एक प्रश्न येऊ द्या. गावचा असेल, गल्लीचा असेल. नळाचा, टँकरचा, शाळेच्या छताचा, दवाखान्याच्या बंद दाराचा. मोठा नको. तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलेला असावा.

तो मनात धरा.

पहिली पायरी.

हे खरे आहे काय?

थांबा. उत्तर देऊ नका.

जे पाहिले ते डोळ्यांसमोर आणा. ऐकीव भाग बाजूला ठेवा. रागाचा भाग बाजूला ठेवा. काय उरते?

नळाची तोटी. तिच्याखाली ठेवलेली कळशी. कळशीचा कोरडा तळ.

हे खरे आहे काय?

श्वास आत. श्वास बाहेर.

दुसरी पायरी.

असल्यास, त्याची चौकशी झाली काय?

कोणी येऊन पाहिले का? तुम्ही पुन्हा जाऊन पाहिले का? शेजारच्या घरी विचारले का, त्यांच्याकडे कसे आहे?

थांबा.

तिसरी पायरी.

तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?

हात कुठे लागला? अर्ज कोणाच्या टेबलावर आहे? काम कुठवर आले आहे?

केलेली गोष्ट एक. होत असलेली गोष्ट दुसरी. दोन्हींना या एका ओळीत जागा आहे.

थांबा.

चौथी पायरी.

नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

या पायरीवर जास्त वेळ बसा.

विलंब. तो कोणाच्या आवाजात ऐकू येतो? म्हाताऱ्या माणसाच्या? दहावीला बसलेल्या मुलीच्या? रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या?

कारण शोधू नका. ज्याची वाट पाहणे चालू आहे, त्याच्या शेजारी फक्त बसा.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता सभागृहाकडे परत या. प्रश्न विचारून झाला आहे. मंत्री उठत आहेत. कागद उलटला जातो आहे. चष्मा वर सरकतो आहे.

प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये एक क्षण आहे.

त्या क्षणात या.

इथे अजून काहीही ठरलेले नाही. इथे सदस्य आणि मंत्री दोघेही थांबलेले आहेत. राज्याचा कारभार चालवणारा माणूस उभा आहे, कारण लोकांच्या बाजूने कोणीतरी त्याला विचारले आहे.

या क्षणासाठी निवडणूक होते. बोटाला शाई लागते, ती या क्षणासाठी. करमाडच्या मतदान केंद्राबाहेरची रांग इथवर येऊन पोचते.

थांबा. इथे पुरेसे थांबा.

मग उत्तर येते.

उत्तरांचेही ठरलेले शब्द आहेत.

"होय, हे खरे आहे."

हे ऐकताना छातीत काय होते ते पाहा. काही सैल होते का? आपण पाहिलेले दुसऱ्यानेही पाहिले. त्याची नोंद झाली. दुःख तेवढेच राहते, पण ते आता एकट्याचे नाही.

"हे अंशतः खरे आहे."

हेही ऐका. आपल्याला दिसले ते थोडे, न दिसलेले आणखी काही असेल. या उत्तराशी भांडण्याआधी एक श्वास घ्या.

"हे खरे नाही."

इथे अंग आवळते. आवळू द्या. पुन्हा कळशीचा तळ पाहा. तो अजून कोरडा असेल तर प्रश्न संपलेला नाही. तो पुन्हा विचारता येतो.

"प्रश्न उद्भवत नाही."

हे शब्द कानावर पडू द्या. मग हळूच स्वतःकडे वळा.

आपणही कोणाला तरी असे म्हणतो का? घरात, कामावर, एखाद्याचे बोलणे पूर्ण होण्याआधी?

उत्तर नको. फक्त पाहा.

श्वास आत. श्वास बाहेर.

तास संपतो.

मंत्री कागदपत्रे सभागृहाच्या पटलावर ठेवतात. अहवाल. अधिसूचना. अध्यादेश. कागदाचा हलका आवाज होतो आणि थांबतो. आता ते कागद सर्वांचे झाले.

मग लक्षवेधी सूचना. सदस्य उठतो आणि तातडीच्या एका बाबीकडे शासनाचे लक्ष वेधतो. मंत्री निवेदन करतात.

लक्ष ही वस्तू किती थोडी असते ते जाणवू द्या. पूर्ण राज्यातून सूचना येतात. मोजक्याच पुकारल्या जातात. उरलेल्या कागदावर राहतात.

तुमचेही लक्ष असेच थोडे आहे. आत्ता ते कुठे आहे?

अलगद त्या आसनाकडे आणा.

आता गोंधळ होतो.

आवाज चढतात. काही सदस्य जागा सोडून आसनासमोरच्या मोकळ्या जागेत उतरतात. फलक दिसतात. घोषणा होतात. एकाच वेळी सगळे बोलतात आणि एकही वाक्य पूर्ण ऐकू येत नाही.

कान झाकू नका. पळू नका.

या आवाजातही माणसे आहेत. कोणाचे रान पाण्याखाली गेले आहे. कोणाच्या गावात कर्जाने एक घर उजाड झाले आहे. आवाज चढतो तेव्हा त्याच्या तळाशी बहुधा एखादी न ऐकलेली गोष्ट असते.

तळाकडे ऐका.

मग अध्यक्ष उभे राहतात.

सभागृहाचा एक नियम आहे. अध्यक्ष उभे राहिले की बाकीच्यांनी बसायचे. बोलणाऱ्यानेही बोलणे थांबवायचे.

कधी तो पाळला जातो. कधी जात नाही. मग बैठक दहा मिनिटांसाठी तहकूब होते. बाक रिकामे होतात. आसनही रिकामे होते.

रिकाम्या सभागृहाकडे पाहा.

रिकामे आसन अजून तिथेच आहे. कोणीही त्यावर पुन्हा येऊन बसेल आणि पुन्हा ऐकेल. बसणारी माणसे १९६० पासून बदलत आली आहेत. पहिले सयाजी सिलम. मग बाळासाहेब भारदे. मग आणखी किती तरी. ऐकण्याची जागा चालत राहिली आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

दहा मिनिटे झाली. घंटा वाजते. माणसे परत येतात.

दुपार.

करमाडला आभाळ किंचित उघडले आहे. बांधावर बाभळीखाली जेवणाची फडकी सुटली आहेत. भाकरी, ठेचा, कांदा.

सभागृहात विधेयक आले आहे. खंड दोन, खंड तीन, खंड चार. एकेक खंड पुकारला जातो आणि विधेयकाचा भाग होतो. शेवटी प्रश्न मताला टाकला जातो.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे."

होय.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे."

नाही.

दोन छोटे आवाज. आसनावरच्या माणसाने ते तोलायचे आहेत. कोणता मोठा? फक्त कानाने.

यात किती मोठा भरवसा आहे, त्यापाशी थांबा. एका राज्याचा कायदा एका माणसाच्या कानावर सोपवलेला आहे.

म्हणूनच कानावर शंका घेण्याचीही सोय आहे. सदस्य मतविभागणी मागू शकतात. मग आवाज बाजूला राहतो आणि माणसे मोजली जातात. एकेक सदस्य उभा राहतो. आपले नाव सांगतो, क्रमांक सांगतो, बसतो. ३ जुलै २०२२ रोजी अध्यक्षांच्या निवडणुकीत अशीच शिरगणती झाली.

१२ नोव्हेंबर २०१४ चा दिवसही आठवा. नाना त्या दिवशीच आसनावर बसलेले. त्याच दिवशी सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. विरोधकांनी मतविभागणी मागितली. तो वाद सभागृहाबाहेर बरेच दिवस चालला.

कोण बरोबर हे आज ठरवायचे नाही.

आज फक्त एवढे जाणवू द्या. आपण नीट ऐकले गेलो का, ही शंका माणसाला किती खोलवर लागते. निकाल विरुद्ध गेला तरी तो सोसता येतो. ऐकलेच गेलो नाही असे वाटले, की ते सोसवत नाही.

तुम्हाला असे कधी वाटले होते?

ती आठवण आली तर येऊ द्या. तिच्याबरोबर एक श्वास घ्या.

आता एक जुना "होय" ऐकू.

२७ जुलै १९७८. विधिमंडळ तेव्हा अजून जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरते. नरिमन पॉइंटची इमारत १९८१ मध्ये उघडायची आहे.

दोन्ही सभागृहे एक ठराव मंजूर करतात. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे.

होय.

हा शब्द मुंबईत उच्चारला जातो. आणि मराठवाड्यात घरे जळतात. दलित वस्त्यांवर हल्ले होतात. माणसे मारली जातात. माणसे गाव सोडतात.

इथे थांबा. पुढे जाण्याची घाई करू नका.

सभागृहातला एक शब्द आणि गावाच्या कडेला जळणारे एक छप्पर. दोन्ही एकाच वेळी मनात ठेवता येतात का पाहा.

जड वाटेल. वाटू द्या.

१४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाच्या नावाचा विस्तार होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ.

"होय" म्हटल्यापासून ते पाटीवर अक्षरे येईपर्यंत पंधरा वर्षांहून अधिक काळ जातो. लोक चालतात. तुरुंगात जातात. जीव देतात.

त्या वर्षांच्या शेजारी बसा.

नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आता हा प्रश्न शासनाला विचारू नका. मनालाच विचारा. शेजाऱ्याचे म्हणणे आपल्या मनात पोचायला इतका वेळ का लागतो?

श्वास आत. श्वास बाहेर.

आणखी एक "होय".

हा दुष्काळातून आलेला आहे.

१९७२. पाऊस नाही. विहिरीचा तळ दिसतो. मराठवाड्यात गावोगाव माणसे खडी फोडायला बसली आहेत. हातोडी, दगड, ऊन. बायांच्या डोक्यावर पाट्या, पाटीत माती.

हातोडीचा आवाज ऐका. ठक. ठक. ठक.

विधान परिषदेच्या सभापतींच्या आसनावर तेव्हा वि. स. पागे आहेत. १९६० ते १९७८ ते तिथे बसतात. वर्षानुवर्षे ऐकण्याच्या जागेवर बसलेल्या या माणसाच्या मनात एक विचार पक्का होतो. काम मागणाऱ्याला काम मिळालेच पाहिजे. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात रोजगार हमी योजना सुरू होते. १९७७ मध्ये विधिमंडळ तिचा कायदा करते. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू होतो.

खर्चासाठी शहरांतल्या नोकरदारांवर, व्यावसायिकांवर १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसलेला असतो.

हे डोळ्यांसमोर आणा. मुंबईतल्या एका कचेरीत पगाराच्या पावतीवर एक छोटी रक्कम कापली जाते. आणि इथे, मराठवाड्याच्या एखाद्या माळावर, एक बाई हजेरीपटावर अंगठा देते.

त्या दोघांची कधी भेट होत नाही.

तरी सभागृहाने त्यांना एका ओळीत आणलेले आहे.

पुढे २००५ मध्ये देशाने अशी हमी कायद्याने दिली, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

मराठवाड्यातला कोणताही जुना पाझर तलाव आठवा. त्याच्या भिंतीवर गवत उगवले आहे. शेळ्या चरत आहेत. जुलैमध्ये तळाशी थोडे पाणी जमू लागते. तलावाची भिंत ज्यांनी रचली त्यांची नावे तिथे कुठे लिहिलेली नाहीत.

भिंतीकडे पाहा. एकेक पाटी माती आठवा.

एका दिवसाच्या कामकाजातला एक "होय" असाही जमिनीत उतरतो. आणि पाणी धरतो.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता सभागृहातल्या मौनाकडे येऊ.

बहुतेक अधिवेशनांत शोकप्रस्ताव येतो. दिवंगत सदस्यांची नावे वाचली जातात. कोण कुठून निवडून आले, काय काम केले. मग सगळे उभे राहतात. सत्ताधारी, विरोधक, सचिव, प्रतिवेदक, पहारेकरी, गॅलरीतली माणसे.

कोणी बोलत नाही.

लिहिणारे हातही थांबतात.

तुम्हीही मनाने उभे राहा.

आणि या मौनात करमाडच्या रुळांकडे परत या.

८ मे २०२०. टाळेबंदीचा काळ. विधिमंडळाचे अधिवेशन मार्चमध्येच, मुदतीआधी संपले आहे. सभागृह बंद आहे. प्रश्न विचारण्याचा तास भरत नाही.

जालन्याहून काही मजूर पायी निघाले आहेत. घर मध्य प्रदेशात आहे. भुसावळकडे गेलो तर गाडी मिळेल, असे त्यांना वाटते आहे. रात्रभर चालून ते बदनापूर आणि करमाड यांच्यामध्ये येतात. थकतात. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने रुळांवरच टेकतात. झोप लागते.

पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी येते.

सोळा जण जातात.

रुळांवर भाकऱ्या पडलेल्या असतात.

थांबा.

शब्द नको. अर्थ नको.

एक श्वास त्यांच्यासाठी आत घ्या. एक श्वास त्यांच्यासाठी बाहेर सोडा.

सोळा माणसे. प्रत्येकाला एक नाव. प्रत्येकासाठी एक दार, वाट पाहणारे.

आता हळूच, आवाज न चढवता, त्या चार पायऱ्या पुन्हा उतरा.

हे खरे आहे काय?

होय. हे खरे आहे.

असल्यास, आपण त्याकडे पाहिले काय?

थांबा.

तदनुसार कोणती कार्यवाही केली?

थांबा.

नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

इथे जेवढा वेळ लागेल तेवढा घ्या. मन दुसरीकडे गेले तर त्याला दोष देऊ नका. पुन्हा आणा. ज्यांचे ऐकायला त्या दिवसांत कुठलेही सभागृह भरलेले नव्हते, त्यांचे ऐकणे आता आपल्याकडे आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

संध्याकाळ होते आहे.

सभागृहात दिवे लागलेले आहेत. चर्चा अजून चालू आहे. अधिवेशनात कामकाज कधी रात्री उशिरापर्यंतही चालते. बाकांवर माणसे थोडी उरली आहेत. कोणी मतदारसंघातल्या रस्त्याबद्दल बोलतो आहे. एखाद्या पुलाचे नाव येते, एखाद्या वस्तीचे. ज्यांनी ते नाव कधी ऐकले नाही, त्यांच्यासमोर ते उच्चारले जाते.

प्रतिवेदक लिहितो आहे. थोड्या वेळाने दुसरा येऊन बसतो, पहिला उठतो. वाक्य मध्ये तुटत नाही.

त्या लिहिणाऱ्या हाताकडे पाहा.

त्याला वाक्य आवडले की नाही हे विचारलेले नाही. मंत्र्याचे वाक्य आणि पहिल्यांदा निवडून आलेल्या सदस्याचे वाक्य, दोन्हींना तो सारखी जागा देतो.

एखादा शब्द फार कडवट असला, तर अध्यक्ष तो कामकाजातून काढून टाकायला सांगतात. तो बोलला गेलेला असतो, ऐकलेलाही असतो. नोंदीत मात्र राहत नाही.

तुमच्या आजच्या दिवसाकडे असेच पाहा.

सकाळपासून काय काय बोललो? कोणाचे ऐकले? कोणाला मध्येच थांबवले?

एखादा शब्द काढून टाकावासा वाटतो का? तो ओळखा. उद्या त्या माणसाला भेटून तो मागे घेता येतो. आज फक्त ओळखा.

आणि एखादा शब्द राहून गेला का? जो बोलायला हवा होता आणि बोललो नाही?

तोही ओळखा.

श्वास आत. श्वास बाहेर.

बैठक उद्या सकाळी अकरा वाजेपर्यंत स्थगित होते.

माणसे उठतात. अध्यक्ष आसनावरून उतरतात. कामकाज संपत नाही, ते उद्यावर जाते. राहिलेले प्रश्न यादीत राहतात. मिळालेली आश्वासने आश्वासन समितीच्या नोंदीत जातात. ती पाळली गेली की नाही, हे समिती विचारत राहते.

आपणही आता गॅलरीतून उठू.

पाय जाणवू द्या. तळपायाखालची जमीन जाणवू द्या. बोटे हलवा.

गॅलरीत आपल्याला बोलता येत नव्हते. आता आपण अशा एका सभेकडे वळतो आहोत जिथे येते.

ती ग्रामसभा.

तिचे सदस्य व्हायला निवडून यावे लागत नाही. गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने, म्हणजे विधिमंडळातल्याच कोण्या एका दिवसाच्या कामकाजाने, ही जागा प्रत्येकाला दिलेली आहे. खुरपणी करणाऱ्या बाईला. शेंद्र्याच्या पाळीवरून परतणाऱ्या तरुणाला. जमीन गेलेल्या शेतकऱ्याला. तुम्हाला.

तिथे बरेचदा गणसंख्या भरत नाही. सभा तहकूब होते. सह्यांची वही घरोघर फिरते.

हे खरे आहे काय?

स्वतःला विचारा. मागच्या ग्रामसभेला मी होतो का? मी होते का?

अपराधी वाटून घेण्याची गरज नाही. चौथी पायरी आठवा. विलंबाची कारणे काय आहेत? कारण सापडले तर ते दूर करता येते. शेतातून यायला उशीर होतो, तर सभेची वेळ बदलून मागता येते. बाया बोलत नाहीत, तर त्यांची वेगळी महिला सभा आधी भरवता येते, तशी कायद्यात तरतूद आहे. बोलायची भीती वाटते, तर प्रश्न लिहून नेता येतो.

श्वास आत. श्वास बाहेर.

शहरात राहत असाल तर तुमच्या सोसायटीची सभा आहे, शाळेची पालकसभा आहे, प्रभागाच्या नगरसेवकाचे कार्यालय आहे. तिथेही एक ऐकण्याची जागा असते. ती रिकामी असेल तर आधी तुम्ही तिथे बसा.

सकाळी मनात धरलेला तो एक प्रश्न अजून तिथे आहे का पाहा.

नळाचा. टँकरचा. छताचा. दाराचा.

तो कागदावर उतरवा. चार ओळी पुरतात. हे खरे आहे काय. असल्यास, चौकशी झाली काय. कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत.

खाली तारीख घाला. सही करा. एक प्रत स्वतःजवळ ठेवा, दुसरीवर पोच घ्या.

ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागते. जाता-येता ती वाचा, तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवशी जा. आपल्या आधी जो बोलतो आहे त्याचे पूर्ण ऐका. मग उभे राहा, आपले नाव सांगा, प्रश्न वाचा. उत्तर पूर्ण होईपर्यंत खाली बसू नका. उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या सभेला तोच कागद घेऊन या.